जोर किती, यापेक्षा पूड कुठे

एस्प्रेसो शिकू पाहणाऱ्याच्या हातात कॉफीची पूड दाबायचा टॅम्पर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : जोर किती लावायचा? शिकवणाऱ्यांकडे त्याचं उत्तरही बरीच वर्षं तयार होतं. ३० पौंड, म्हणजे साधारण साडेतेरा किलो. वजनकाटा ओट्यावर ठेवायचा, त्यावर टॅम्पर दाबत राहायचं आणि हाताला त्या आकड्याची सवय लावायची, असा सराव अमेरिकेतल्या कॅफेंत नवख्यांकडून करून घेतला जाई. गेल्या वीसेक वर्षांत या उत्तराची कसून उलटतपासणी झाली आहे. प्रयोग झाले, गणितं मांडली गेली, नवनवी अवजारं बाजारात आली. मुंबई-पुण्यातल्या कॅफेंत आणि हौशी घरांतही आता एस्प्रेसोची यंत्रं रुळली आहेत, तेव्हा या सगळ्याचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा. माझं मत आधीच सांगतो. जोराचा प्रश्न दुय्यम आहे. बास्केटमध्ये पूड कुठे किती आहे, हा खरा प्रश्न आहे, आणि चांगल्या व फसलेल्या शॉटमधला फरक बहुतेक वेळा तिथेच पडतो.

आधी यंत्रात काय घडतं ते पाहू. दळलेली कॉफी पोर्टाफिल्टरच्या, म्हणजे यंत्राला अडकवायच्या दांड्याच्या, बास्केटमध्ये भरतात, दाबून तिची घट्ट चकती करतात आणि तिच्यातून सुमारे ९ बार दाबाचं गरम पाणी ढकलतात. या चकतीला सगळे 'पक' म्हणतात. इटलीतल्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेने प्रमाणित पेयासाठी ठरवलेली मापं अशी आहेत : ७ ग्रॅम पूड, सुमारे २५ सेकंद आणि कपात साधारण २५ मिलिलिटर. आजच्या बहुतेक कॅफेंत दुहेरी बास्केट वापरतात. त्यात १८ ग्रॅमच्या आसपास पूड घालून ३६ ग्रॅमच्या आसपास पेय काढतात. मापं कुठलीही घ्या, काम तेच. पाण्याला पुडीशी भिडायला अर्धा मिनिटसुद्धा मिळत नाही. तेवढ्या वेळात त्याने प्रत्येक कणाशी सारखंच वागावं अशी आपली अपेक्षा असते, आणि पाणी तसं वागत नाही. जिथे वाट मोकळी, तिथे ते धावतं.

भाताच्या खाचराच्या बांधाला खेकड्याने बीळ पाडलं की पाणी आधी झिरपतं, मग वाहतं आणि वाहता वाहता बीळ रुंद करत जातं. पकमध्ये हेच काही सेकंदांत घडतं. एका बाजूला पूड किंचित विरळ राहिली तर तिथून पाणी जास्त वेगाने जातं. जास्त पाणी गेलं म्हणून तिथले विद्राव्य पदार्थ लवकर विरघळतात, बारीक कण वाहून जातात आणि ती जागा आणखी पोकळ होते. पोकळ झाली म्हणून पाणी आणखी वेगाने धावतं. कॉफीवाले याला चॅनलिंग म्हणतात. इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड विद्यापीठातल्या विल्यम ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स' या नियतकालिकात याचं साधं गणिती प्रारूप मांडलं. पाण्याला दोन समांतर वाटा, त्यातली एक सुरुवातीला थोडीशी जास्त सच्छिद्र. पाणी पुडीतून जसजसं जातं तसतशी या दोन वाटांतली तफावत वाढत जाते, हे त्यांनी दाखवलं. सुरुवातीची छोटी चूक पाणी स्वतःच मोठी करतं. म्हणून यंत्र सुरू होण्याआधीच्या अर्ध्या मिनिटाला एवढं महत्त्व आहे.

चॅनलिंगची चव ओळखायला शिकणं कठीण नाही. वाहत्या वाटेवरची पूड गरजेपेक्षा जास्त उतरते, म्हणून कडू आणि जिभेला तुरट लागते. बाकीची पूड धड उतरतच नाही, म्हणून आंबट आणि पाणचट लागते. एकाच घोटात हे दोन्ही दोष आले, तर दळण बारीक-जाड करून ते सुटत नाहीत. नवशिक्यांचे कित्येक तास या चकव्यात जातात. शॉट आंबट लागला म्हणून दळण बारीक करायचं, त्याने चॅनलिंग वाढतं, आंबटपणा तसाच राहतो आणि वर कडवटपणा येतो.

हा प्रश्न एस्प्रेसोइतका जुना नाही. मिलानच्या लुइजी बेझ्झेरांनी १९०१ मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात वाफेच्या दाबाने पाणी ढकललं जाई, आणि तो दाब दीडेक बारच्या वर जात नसे. एवढ्या दाबाला अति बारीक पूड झेपतही नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आकिले गाज्जा यांचं तरफेचं यंत्र आलं. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दाबली जाई आणि ती सुटताना पाणी ८-१० बारने पुडीत घुसे. कपावर क्रेमाचा, म्हणजे फेसाचा, थर दिसू लागला तो तेव्हापासून. १९६१ मध्ये फाएमाने ई-६१ हे यंत्र काढलं. त्यात हाताच्या जोराची जागा विजेच्या पंपाने घेतली आणि ९ बारचा आकडा स्थिर झाला. (त्या वर्षी फेब्रुवारीत इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं, यंत्राच्या नावातला 'ई' तिथला.) दाब वाढला तसं दळण बारीक झालं, आणि पूड सारखी पसरली आहे की नाही याला तेव्हापासून किंमत आली. आपल्याकडच्या लग्नांतल्या स्वागत समारंभात मिळते ती वाफेने फेसाळलेली, वर चॉकलेटची पूड भुरभुरलेली कॉफी अनेकांना एस्प्रेसो म्हणूनच ठाऊक आहे. ती झटपट विरघळणाऱ्या कॉफीची असते. तिच्यात पक नसतोच, त्यामुळे या लेखातला कुठलाही प्रश्न तिला लागू होत नाही.

आता जोराकडे वळू. ५८ मिलिमीटर व्यासाच्या बास्केटचं क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस सेंटिमीटर होतं. साडेतेरा किलोचा जोर त्यावर पसरला की दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच्या आसपास पडतो. पाणी ९ बारने येतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला नऊ किलोंहून थोडं जास्त. सगळ्या पकवर मिळून हा भार २४० किलोंच्या आसपास जातो. हाताने १० किलो दाबलं काय आणि २० किलो दाबलं काय, त्यानंतर जे येतं ते त्याच्या कितीतरी पट आहे. रिफ्रॅक्टोमीटरने पेयातले विरघळलेले पदार्थ मोजून ज्यांनी हे तपासलं, त्यांतल्या काहींना एका मर्यादेनंतर जोराच्या फरकाने पेयात फारसा फरक आढळला नाही.

हाताचा जोर खरोखर कुठे निर्णायक ठरतो, ते पाहायचं तर माटुंग्याच्या एखाद्या दाक्षिणात्य घरातलं पितळी किंवा स्टीलचं फिल्टर पाहावं. त्यातही पुडीवर भोकांची चकती ठेवून हलकेच दाबतात. पण तिथे पाणी केवळ स्वतःच्या वजनाने उतरतं, म्हणून चकती जरा जास्त दाबली गेली तर डिकॉक्शन ठिबकायचं थांबतं. गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर चालणाऱ्या त्या भांड्यात बोटांचा जोर मोजून लावावा लागतो. ९ बारपुढे त्याचं महत्त्व उरत नाही.

मग टॅम्पिंग कशासाठी? तीन कामांसाठी. कणांमधल्या हवेच्या मोठ्या पोकळ्या बंद करायच्या, पकचा पृष्ठभाग समपातळीत आणायचा आणि पक व वरच्या जाळीमध्ये पाण्यासाठी थोडी जागा सोडायची. पूड आणखी खाली जायची थांबली की पहिलं काम झालं. तिथे थांबावं, त्यापुढचा जोर मनगटाला शिक्षा आहे. दुसरं काम मात्र काटेकोर आहे. टॅम्पर किंचित कलला तर पक एका बाजूला पातळ होतो आणि पाणी त्या बाजूने जातं. म्हणून जोराच्या आकड्यापेक्षा टॅम्परच्या पातळीकडे लक्ष द्यावं. पोर्टाफिल्टर ओट्यावर सपाट टेकवायचा, कोपर टॅम्परच्या बरोबर वर आणायचं, मनगट सरळ ठेवायचं आणि अंगठा व तर्जनीची टोकं बास्केटच्या कडेला लावून चारी बाजूंचं अंतर बोटांनी चाचपायचं. डोळ्यांपेक्षा बोटांना कल लवकर कळतो. शेवटी टॅम्पर गोल फिरवून पृष्ठभाग चकाकता करायची जुनी सवय दिसायला सुरेख, पण पेयाला तिचा उपयोग नाही. दाबून झाल्यावर बास्केटला बाजूने टॅम्परचा ठोका देणं तर टाळावंच, कारण त्याने पकची कड बास्केटपासून सुटते.

टॅम्परचा व्यास हा दुर्लक्षिला जाणारा मुद्दा आहे. बास्केट ५८.५ मिलिमीटरची आणि टॅम्पर ५८ चा असला तर कडेने पाव मिलिमीटरची न दाबलेली कड राहते. भिंतीला लागून पाणी निसटायला ती पुरेशी असते. घरगुती यंत्रांबरोबर येणारे प्लास्टिकचे टॅम्पर याहून लहान असतात. ते बदलणं हा पहिला शहाणपणाचा खर्च.

आता मुख्य विषय, पूड पसरणं. इटलीतल्या बारमध्ये याचा फारसा बोभाटा कधी झाला नाही, आणि त्याला कारण आहे. ७ किंवा १४ ग्रॅमचा डोस, ग्राइंडरखाली कप्प्यांचा डोसर, दांडी ओढली की त्यातून मोकळी होऊन पडणारी पूड, आणि ग्राइंडरलाच बसवलेला टॅम्पर. पोर्टाफिल्टर खालून वर रेटायचा आणि काम संपलं. डोसरच्या पात्यांमधून पडताना पुडीतल्या गुठळ्या आपोआप फुटत. पुढे अमेरिका, स्कँडिनेव्हिया, ऑस्ट्रेलियात डोस वाढले, भाजणी फिकट झाली, पूड ऑर्डरनुसार थेट बास्केटमध्ये दळली जाऊ लागली. गुठळ्या आणि एका बाजूला चढलेला ढीग ही रोजची डोकेदुखी झाली आणि त्यावर तोडगे सुरू झाले.

पहिले तोडगे हाताचे. बोट सरळ ठेवून ढीग चार दिशांना सारायचा. ऑस्लोच्या स्टॉकफ्लेथ्स या कॅफेच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत याहून नेटकी आहे. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात पूड हलकेच धरायची आणि पोर्टाफिल्टर फिरवत ती सगळीकडे सरकवायची. २००४ चा जागतिक बरिस्ता विजेता टिम वेंडेलबो याच कॅफेत घडला. पण बोटं वरवरच काम करतात. पुडीच्या तळाशी असलेली गुठळी त्यांना सापडत नाही.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन वाइस नावाच्या एका हौशी माणसाने घरच्या स्वस्त ग्राइंडरवर उपाय म्हणून एक युक्ती सुचवली. दह्याच्या छोट्या प्लास्टिक डब्याचा तळ कापून त्याचं फनेल केलं, ते बास्केटवर ठेवलं आणि दळलेली पूड बारीक सुईने तळापर्यंत ढवळली. व्यावसायिक मंडळींनी बरीच वर्षं तिच्याकडे घरगुती खटाटोप म्हणून पाहिलं. आज वाइसच्या आद्याक्षरावरून ती डब्ल्यूडीटी नावाने जगभर चालते, आणि या सगळ्या आढाव्यात एकाच गोष्टीची शिफारस करायची झाली तर मी हिचीच करेन.

तिच्यामागचं कारण सरळ आहे. चॅनल पकच्या पूर्ण जाडीतून जातो, तेव्हा उपायही पूर्ण जाडीत पोचायला हवा. सुई बारीक हवी, ०.३ ते ०.४ मिलिमीटरची. अॅक्युपंक्चरच्या सुया एका बुचात खोचल्या तरी चालतं. जाड सुई किंवा टूथपिक पुडीत चर पाडते आणि नवी वाट तयार करते. आधी तळाला टेकवून लहान लहान गोल फिरवत सगळी बास्केट व्यापायची, मग हळूहळू वर यायचं आणि शेवटी फक्त पृष्ठभागावरून हलकेच फिरून पूड सपाट करायची. कडेचा भाग लोक विसरतात. तिथे पूड विरळ राहते आणि पाणी भिंतीलगत पळतं. ढवळून झालं की पोर्टाफिल्टर एकदा उभाच ओट्यावर टेकवायचा, पूड बसते. पंधरा-वीस सेकंदांचं काम आहे.

याच्या अगदी उलट तत्त्वाचं अवजार म्हणजे बास्केटवर ठेवून फिरवायचा पंख्यांचा लेव्हलर. कॅनबेराच्या ओना कॉफीचे साशा सेस्टिच २०१५ मध्ये जागतिक बरिस्ता विजेते झाले आणि त्यांच्या ओसीडी या अवजारानंतर अशा लेव्हलरांचा पूर आला. काम झटपट, पृष्ठभाग काचेसारखा. माझा आक्षेप त्या पृष्ठभागालाच आहे. पंखे वरचे काही मिलिमीटर सारवतात. खाली एका बाजूला जास्त पूड पडली असेल तर ती तिथेच राहते, फक्त दिसेनाशी होते. जिथे ढीग उंच होता तिथे पूड दाबली जाते, जिथे खोलगट होता तिथे मोकळी राहते. गर्दीच्या वेळी काहीच न करण्यापेक्षा हा लेव्हलर बरा, पण सुईची जागा तो घेऊ शकत नाही. अलीकडे बंद कपात पूड हलवून ती एकदम बास्केटमध्ये सोडायची पद्धतही लोकप्रिय होते आहे. तिचं तर्कशास्त्र मला पटतं, कारण तिथेही पुडीचा प्रत्येक कण हलतो.

गुठळ्या मुळात का होतात, या प्रश्नावर चांगलं संशोधन झालं आहे. दळताना बिया फुटतात, घासतात आणि कणांवर विद्युतभार साचतो. भारित कण एकमेकांना आणि ग्राइंडरच्या भिंतींना चिकटतात. ओरेगन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन आणि ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणारे जोशुआ मेंडेझ हार्पर यांच्या गटाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये 'मॅटर' या नियतकालिकात दाखवलं की बियांमधल्या ओलाव्यावर हा भार अवलंबून असतो, आणि दळण्याआधी बियांवर थोडं पाणी शिंपडलं की तो बराच उतरतो. पाणी शिंपडलेल्या पुडीचा शॉट सावकाश उतरला आणि त्यात कॉफी जास्त उतरली. म्हणजे दळण्याआधी बिया किंचित ओल्या करायची कॉफीवेड्यांची जुनी सवय रास्त होती. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ग्राइंडरच्या तोंडाला पूड चिकटत असेल तर बिया ओल्या चमच्याने एकदा ढवळून पाहाव्यात. मुंबईच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याची गरज कमी भासेल.

हेंडन यांच्याच गटाचा २०२० चा लेख याहून जास्त गाजला, त्याच 'मॅटर'मध्ये. गणिताप्रमाणे दळण जितकं बारीक, तितकी कॉफी जास्त उतरायला हवी. प्रत्यक्षात एका मर्यादेनंतर उलटं घडलं : बारीक केलं तसं उतरणं कमी झालं, कारण प्रवाह विस्कळीत झाला. त्यांचा सल्ला होता की दळण थोडं जाड करा, डोस २० ग्रॅमवरून १५ वर आणा, शॉट्समधलं सातत्य वाढेल आणि कॉफीही वाचेल. त्यांची कृती जशीच्या तशी मला मान्य नाही. तसा शॉट झटपट उतरतो, अंगाने हलका होतो आणि दुधात हरवतो. पण मूळ धडा पक्का आहे. दळण गरजेपेक्षा बारीक असेल तर सुई, लेव्हलर, महागडा टॅम्पर, कशानेही तो पक वाचत नाही. शॉट रोज वेगळा येत असेल तर दळण एक घर जाड करून पाहणं हा फुकटचा उपाय आहे.

आपला पक कसा जमला आहे हे कळायचं कसं? सर्वांत प्रामाणिक साधन म्हणजे तळ नसलेला पोर्टाफिल्टर. चांगल्या शॉटमध्ये बास्केटच्या सगळ्या तळावर साधारण एकाच वेळी गडद थेंब उगवतात, मध्याकडे ओढले जातात आणि एकच धार होते. एका बाजूला आधी फिकट पट्टा दिसला, धार सरकली किंवा बारीक चिळकांडी उडाली, तर पूड तिथे विरळ होती. चिळकांडी नेहमी एकाच बाजूला उडत असेल तर हात कलतो आहे किंवा ग्राइंडर पूड त्या बाजूला कमी टाकतो आहे. क्रेमावर मात्र विसंबू नये. जाड क्रेमा रोबस्टाच्या मिश्रणातूनही येतो, आणि भारतीय रोबस्टा इटलीत जातो त्याचं एक कारण तेच आहे. क्रेमा कॉफीबद्दल सांगतो, पकच्या समानतेबद्दल काही सांगत नाही. शॉट झाल्यावर उरलेला चोथा उलटून त्यातली भोकं मोजायची सवयही सोडून द्यावी, कारण पंप बंद होताना दाब सुटतो आणि पक तेव्हाही विस्कटतो.

कॅफेचं गणित घरापेक्षा वेगळं आहे. दिवसाला शेकडो शॉट काढणाऱ्याला प्रत्येक वेळी सुई फिरवणं परवडत नाही, आणि संध्याकाळी थकलेला हात सकाळसारखा सरळ राहत नाही. जागतिक बरिस्ता स्पर्धेच्या तांत्रिक गुणपत्रिकेत डोस आणि टॅम्पिंग सारखं आहे का याला स्वतंत्र रकाना होता, तो याच कारणाने. म्हणूनच डच पकप्रेससारखे यांत्रिक टॅम्पर कॅफेंत आले. पोर्टाफिल्टर सरकवला की यंत्र ठरलेल्या जोराने, अगदी सपाट दाबतं. हस्तकौशल्य गेलं अशी हळहळ काहीजण व्यक्त करतात. मला ती पटत नाही. जे काम यंत्र माणसापेक्षा सारखं करतं आणि ज्याने माणसाचं मनगट व खांदा दुखावतो, ते यंत्राला द्यावं. बरिस्ताने लक्ष चवीवर आणि दळणावर ठेवावं. कॅफे चालवणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे : भिंतीवरच्या सजावटीआधी हा खर्च करा. तिथे उभं राहून काम करणाऱ्या मुलामुलींचे हात त्याने वाचतील.

घरच्यांसाठी खर्चाचा क्रम असा असावा. सगळ्यात जास्त पैसे ग्राइंडरला, कारण वाईट दळण कोणत्याही पद्धतीने सुधारत नाही. मग नीट छिद्रांची चांगली बास्केट, तिच्या मापाचा टॅम्पर, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा वजनकाटा आणि बारीक सुया. पकवर ठेवायची जाळी हवी तर घ्या, तिने यंत्र स्वच्छ राहतं. फिरता लेव्हलर घेऊ नका. स्प्रिंगचा टॅम्पर जोर मोजतो म्हणून घेऊ नका, पण सपाट बसतो म्हणून जरूर घ्या. आणि यंत्र आलं की पहिला आठवडा बिया, डोस आणि दळण यांतलं काहीही न बदलता फक्त पूड पसरण्याचा आणि सपाट दाबण्याचा सराव करा. लागोपाठ तीन शॉट एकाच वेळात, एकाच वजनाचे उतरू लागले की मग चवीसाठी दळणाला हात लावा.